विद्येचें ऋण आणि शाखेचा भाव

वैद्यकीय पदवी हातीं आलेल्या तरुणास आपल्या घरांतून पहिला प्रश्न विचारला जातो तो 'शाखा कोणती घेणार?' हा; आणि दुसरा, 'दवाखाना कोठें काढणार?' हा. विद्या एकच, पण शाखेगणिक व गांवागणिक तिचें मोल निराळें. क्ष-किरणशास्त्राच्या व त्वचारोगांच्या जागा आरंभींच भरतात. शरीररचना आणि जीवरसायन यांच्या जागा रिकाम्या राहतात. २०२३ सालीं पदव्युत्तर प्रवेशाची पात्रता शून्य पर्सेंटाइलपर्यंत खालीं आणावी लागली. हा लोभ आजच्या तरुणांनींच आणला असेंहि नाहीं. भोर समितीनें १९४६ सालीं ब्रिटिश हिंदुस्थानांत ६,३०० माणसांमागें एक डॉक्टर असल्याचें सांगितलें, आणि ते डॉक्टरहि बहुतांशीं शहरांतच गोळा झालेले होते.

मग सार्वजनिक पैशावर शिकलेल्यानें गरज आहे तेथें जावें, कीं भाव आहे तेथें? महाराष्ट्रांत यावर बंधपत्राचा उपाय योजण्यांत आला: शासकीय महाविद्यालयांत शिकलेल्यानें एक वर्ष सेवा करावी. दंड भरून सुटण्याची वाटहि पुष्कळ वर्षें खुली होती. ऋणाचा आंकडा असा एकदां रुपयांत सांगितला कीं, श्रीमंताच्या मुलाला त्याचें ओझें वाटेनासें होतें.

परंतु आम्हांस खरी अडचण वेगळीच दिसते. समजा, तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयांत एक निष्णात स्त्रीरोगतज्ज्ञ ध्येयानें जाऊन बसल्या. रात्रीं अडलेली बाई आली. पोट चिरून मूल काढावयाचें, पण भूल देणारा कोणी नाहीं आणि रक्त जिल्ह्याच्या गांवीं. डॉक्टरबाई तिला ॲम्ब्युलन्समध्यें घालून पुढें पाठवितात. एवढें तर परिचारिकाहि करूं शकली असती! असें चार वेळां घडलें कीं हातची कला जाते, आणि पाठोपाठ मनहि उडतें. सरकारनें साध्या एम.बी.बी.एस. डॉक्टरांस भूल देण्याचें १८ आठवड्यांचें शिक्षण सुरू केलें तें ही उणीव ओळखूनच.

हेमलकशाचे आमटे आणि गडचिरोलीचे बंग यांचीं नांवें तरुणांच्या तोंडावर फेकलीं जातात. त्यांच्याविषयीं आमच्या मनांत आदरच आहे. पण १९७३ पासून हेमलकशांत डॉ. प्रकाश यांच्या जोडीला उभ्या असलेल्या डॉ. मंदाकिनी भूलतज्ज्ञ आहेत, आणि १९८६ मध्यें 'सर्च' ही संस्था उभारणारे डॉ. अभय व डॉ. राणी बंग हेहि दोघे होते, हें कोणी बोलत नाहीं. एकट्याला वनवासांत धाडून त्याच्याकडून रामराज्याची अपेक्षा करणें हा न्याय नव्हे.

आणि दोष देणारे तरी कोण? मुलाला क्ष-किरणाची जागा मिळावी म्हणून जो बाप देव पाण्यांत घालून बसतो, तोच खेड्यांतील बाळंतिणीच्या मृत्यूची वार्ता वाचून डॉक्टरांच्या नांवानें बोटें मोडतो. आम्ही त्या बापांतले नाहीं, असें छातीवर हात ठेवून आम्हांस म्हणवत नाहीं.