भिंतीची जाडी

युरेनियमच्या अणुकेंद्रातून अल्फा कण आज सुटेल की ४५० कोटी वर्षांनी, हे कुणीच सांगू शकत नाही. पुरेशी ऊर्जा नसतानाही तो अडथळा पार करतो. १९२८ साली जॉर्ज गॅमोव्हने या क्वांटम टनेलिंगचं गणित मांडलं. 'नेमका आत्ताच का?' याला त्यात उत्तर नाही. आहे ती फक्त संभाव्यता. सूर्यही याच टनेलिंगमुळे तेवत राहतो.

प्रत्येक बिघाडाचं मूळ कारण शोधणं हे माझं रोजचं काम. पण फ्लॅश मेमरीत साठवलेले इलेक्ट्रॉनही असेच निसटतात. मग जबाबदार कोण? निसटलेल्या इलेक्ट्रॉनला दोष देता येत नाही. मात्र त्याच्याभोवतीचा ऑक्साइडचा थर किती जाड ठेवायचा, हे माणूस ठरवतो. तो जरासा पातळ केला तरी गळती कित्येक पटींनी वाढते. योगायोगाला किती वाव ठेवला, याचा जाब आपल्यालाच द्यावा लागतो.