स्वकृतीचे प्रतिज्ञापत्र

आमचा भाचा संगणक अभियांत्रिकीच्या पदव्युत्तर वर्गात शिकतो. दोन वर्षांच्या त्या अभ्यासक्रमाचे दुसरे वर्ष बहुतांशी एका प्रबंधावर खर्ची पडते, आणि प्रबंधाच्या प्रारंभी ठरावीक मजकुराचे एक पान असते. हे कार्य सर्वस्वी आपलेच आहे, अशा अर्थाच्या त्या चार ओळींखाली विद्यार्थ्याने सही करावयाची. बहुतेक विद्यार्थी ती सही फारसा विचार न करता करून मोकळे होतात. आमच्या भाच्याला मात्र माघातल्या जत्रेच्या रात्री, पालखी देवळात परतल्यावर, सभामंडपाच्या पायरीवर बसला असता ती सही सतावू लागली. मामा वकील, तेव्हा प्रश्न साहजिकच आमच्या पदरी आला. “मामा, ह्यावर सही केली तर मी खोटे बोललो असे होईल का?”

प्रबंधाचा विषय असा की, मोडी लिपीतील जुने कागद संगणकाकडून वाचवून घ्यावयाचे. मोडीत लिहिणारा आधी आडवी रेघ ओढून घेतो आणि मग लेखणी शक्यतो न उचलता अक्षरे तिला लटकावीत जातो. दोन शब्दांमध्ये जागा सोडीत नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळीत नाही. माणसाच्या डोळ्यासही जे सरावानेच साधते, ते यंत्राला शिकवावयाचे म्हणजे हजारो अक्षरांचे नमुने, प्रत्येकावर ‘हे अमुक अक्षर’ अशी खूण करून, त्याच्यापुढे ठेवावे लागतात. आता ह्यात भाच्याचे स्वतःचे किती? विषय मार्गदर्शकांनी सुचविलेला. मूळ आज्ञावली जगभरच्या अनोळखी माणसांनी लिहून सर्वांस मुक्तपणे दिलेली. तीवर जी भर घातली, तिचा सुमारे तिसरा हिस्सा कृत्रिम बुद्धिमत्तेच्या यंत्राकडून लिहवून घेतलेला. “मी फक्त जुळवाजुळव केली,” तो म्हणाला.

कायद्याचे उत्तर देणे सोपे होते. १९५७ च्या कॉपीराइट अधिनियमात १९९४ साली जी दुरुस्ती झाली, तिच्यान्वये संगणकाद्वारे निर्माण झालेल्या वाङ्मयीन कृतीचा कर्ता म्हणजे ती कृती निर्माण करविणारी व्यक्ती. आजची ही बोलकी यंत्रे कोणाच्या स्वप्नातही नव्हती, तेव्हाचे हे शब्द आहेत, आणि ते आज कितपत पुरतील ह्यावर वाद घालता येईल. विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१८ चे नियम तर साम्य टक्क्यांनी मोजतात: दहा टक्क्यांपर्यंत दंड नाही, साठाच्या वर गेल्यास नोंदणी रद्द. भाच्याचे साम्य सात टक्के भरले होते. तो निर्दोष होता. तरीही त्याला झोप येत नव्हती, आणि ह्याचेच आम्हांला कौतुक वाटले.

वस्तुतः ‘माझे’ हा शब्द फार उतावळा आहे. १९३७ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये क्लॉड शॅनन ह्या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने पदव्युत्तर पदवीसाठीच एक प्रबंध लिहिला. विजेच्या रिले-मंडलांचे वर्तन जॉर्ज बूल ह्याच्या तर्कबीजगणिताने मांडता येते, हे त्याने दाखविले. आजच्या प्रत्येक संगणकाच्या पायाशी ती कल्पना आहे. पण बूलचे बीजगणित एकोणिसाव्या शतकातले, शॅननने ते मिशिगन विद्यापीठात तत्त्वज्ञानाच्या वर्गात शिकलेले. रिले-मंडले त्याने व्हॅनेव्हर बुश ह्यांच्या प्रचंड गणनयंत्रावर काम करताना हाताळलेली. दोन्ही वस्तू दुसऱ्यांच्या. त्या दोन्ही एकच आहेत हे दिसणे, एवढेच काय ते त्याचे. जुळवाजुळव म्हणून ज्याची आपण हेटाळणी करतो, तीच कधी कधी सर्वस्व असते.

हे ऐकून भाच्याचा चेहरा खुलला, आणि आम्हीच सावध झालो. कारण शॅननच्या दाखल्याने कोणीही आळशी मनुष्य स्वतःची सुटका करून घेईल. आम्हीही एके काळी घेत होतो. वकिलीच्या आरंभीची कित्येक वर्षे आमचे दावे-अर्ज वरिष्ठांच्या जुन्या फायलींतून उतरलेले असत, आणि अशिलाने अर्जाची वाखाणणी केली की आम्ही ती मान खाली घालून, पण स्वीकारीत असू.

मात्र त्याच कामात एक जुना नियम आमच्या हाताखालून रोज जात आला आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेतील सहाव्या आदेशाचा पंधरावा नियम सांगतो की, सत्यापन करणाऱ्याने कोणते परिच्छेद स्वतःच्या माहितीवरून खरे म्हणतो आणि कोणते इतरांकडून कळलेल्या व खऱ्या वाटणाऱ्या माहितीवरून, हे क्रमांक देऊन वेगळे सांगावे. ‘सर्व काही माझे’ असे न्यायालयही कोणाकडून मागत नाही. ते सीमारेषा मागते. आम्ही म्हटले, “सही कर, पण सहीच्या वर रेघ आखून दे. कोणते प्रकरण तुझे, कोणती आज्ञावली उसनी, कोणता भाग यंत्राचा.”

त्याने कागद काढला आणि यादी करू लागला. नमुन्यांच्या रकान्याशी तो अडखळला. “आणि नमुने कोणी वाचले?” आम्ही विचारले. तेव्हा कळले की, देवस्थानच्या जुन्या कीर्दींची पाने एका निवृत्त वृद्ध कारकुनांनी चार महिने, एक पैसा न घेता, भिंगाखाली धरून अक्षरन्‌अक्षर वाचून दिली होती. प्रबंधात त्यांचा उल्लेख ‘सहकार्य करणाऱ्या सर्वांचे आभार’ एवढ्यात आटोपला होता.

यंत्राचे आम्ही काही देणे लागत नाही. त्याचा वाटा परीक्षकापासून लपवू नये, एवढेच. पण हा वृद्ध मनुष्य यंत्र नव्हे, आणि त्याच्या डोळ्यांविना ते यंत्र आंधळे होते. भाच्याला ह्या पानावरची सारी टोचणी यंत्रामुळे लागली होती. माणसामुळे लागली नव्हती. त्याला दोष तरी किती द्यावा? आपल्याच देवळाच्या फरसबंदीवर दात्यांची नावे कोरलेली आहेत. ती फरसबंदी ज्या गवंड्याने घातली त्याचे नाव आपणांपैकी कोणाला ठाऊक आहे? निदान आम्हांला तरी नाही, आणि त्या दात्यांत आमच्या आजोबांचे नाव आहे.

भाच्याने पान नव्याने लिहिले. कार्यालयाने ते ठरावीक नमुन्यात नाही म्हणून परत केले. मग छापील पानावर सही झाली आणि पुढे वेगळे पान जोडले गेले. त्यात पहिल्याच ओळीत त्या वृद्धांचे पूर्ण नाव आले. प्रबंधाची एक प्रत घेऊन आम्ही दोघे त्यांच्या घरी गेलो. आपले नाव त्यांनी भिंगातून वाचले, काही बोलले नाहीत, आणि पाने उलटीत नमुन्याच्या परिशिष्टापाशी आले. बराच वेळ पाहून म्हणाले, “बाळ, तुझ्या यंत्राने नंदादीपाच्या तेलाचा आकडा चुकीचा वाचला आहे.” मग खिशातले पेन काढून त्यांनी भाच्यापुढे धरले.