अस्सीच्या अलीकडे, अस्सीच्या पलीकडे

मुक्ती ज्ञानाने मिळते की स्थानाने, हा भारतीय धर्मविचारातील जुना आणि अवघड प्रश्न आहे. आत्मस्वरूपाचे ज्ञान झाल्याखेरीज मोक्ष नाही, असे अद्वैत वेदान्त निःसंदिग्धपणे सांगतो; तर काशीत देह ठेवणाऱ्या जिवाला, मग तो पंडित असो की निरक्षर, पुण्यवान असो की पापी, मोक्ष मिळतो, असे स्कंदपुराणातील काशीखंड तितक्याच ठामपणे सांगते. दोन्ही वचने प्रमाण मानणाऱ्या परंपरेला या विसंगतीचा निकाल लावणे भाग होते, आणि तो लावताना पवित्र वस्तीत राहणे म्हणजे नेमके काय, याचाही विचार तिला करावा लागला. वाराणसीच्या दक्षिण टोकाला असलेल्या अस्सी मोहल्ल्यात हा विचार आजही जमिनीवर आखल्यासारखा दिसतो, कारण तेथे मोक्षक्षेत्राची पारंपरिक सीमा आणि एका मोठ्या आधुनिक विद्यापीठाची हद्द एकमेकींच्या अगदी जवळ आल्या आहेत.

उत्तरेला वरणा आणि दक्षिणेला असी या दोन प्रवाहांमधील गंगाकाठच्या भूमीला ‘अविमुक्त’ म्हणतात. शिवाने जे कधीही सोडले नाही, ते क्षेत्र, असा त्याचा अर्थ. यांपैकी असीचा आता नाला झाला असून, जेथे तिचा गंगेशी संगम होत असे त्या अस्सी घाटापासून तिचा प्रवाहही दक्षिणेकडे नगव्याच्या बाजूला वळवण्यात आला आहे. अलीकडच्या बाजूला अस्सी घाट, ज्या ठिकाणी तुलसीदासांनी अखेरची वर्षे घालवून १६२३ मध्ये देह ठेवला असे परंपरा मानते तो तुलसी घाट, भदैनीतील खोल पायऱ्यांचे लोलार्क कुंड आणि दुर्गाकुंड आहे. मणिकर्णिका तांबे, म्हणजे पुढे झाशीची राणी लक्ष्मीबाई, यांचे जन्मस्थानही याच परिसरात दाखवले जाते. पलीकडे लंका नावाचा गजबजलेला भाग लागतो. त्याला हे नाव तुलसीदासांच्या परंपरेतील रामलीलेमुळे पडले, कारण लंकेचे प्रसंग तेथे होत. लंकेच्या सिंहद्वारातून आत गेले की सुमारे १३०० एकरांवर पसरलेले बनारस हिंदू विद्यापीठ सुरू होते, ज्याची कोनशिला ४ फेब्रुवारी १९१६ रोजी बसवण्यात आली. वसतिगृहात जागा न मिळालेले विद्यार्थी अस्सी, भदैनी आणि नगवा येथे भाड्याच्या खोल्या घेतात, आणि त्याच परिसरातील मुमुक्षु भवनात काशीत मरण यावे म्हणून घरदार सोडून आलेले वृद्ध राहतात. त्यामुळे परीक्षेची तयारी करणारे आणि मरणाची वाट पाहणारे असे दोन प्रकारचे लोक येथे एकमेकांचे शेजारी झाले आहेत.

या दुसऱ्या प्रकारच्या वास्तव्याला शास्त्रात ‘क्षेत्रवास’ असे नाव आहे, आणि मरेपर्यंत सीमा न ओलांडण्याच्या व्रताला ‘क्षेत्रसंन्यास’ म्हणतात. त्याचा जुना आधार जाबाल उपनिषदात सापडतो. अविमुक्तात जिवाचे प्राण निघू लागले की रुद्र त्याला ‘तारक ब्रह्म’ सांगतो, म्हणजे संसारातून तारून नेणारे ज्ञान देतो, आणि त्यामुळे तो अमर होतो, असे याज्ञवल्क्य तेथे म्हणतात. मात्र हे अविमुक्त कोठे आहे असे विचारल्यावर ते आधी वरणा आणि नासी यांच्यामध्ये असल्याचे सांगून पुढे भुवया आणि नाक यांच्या संधीकडे बोट दाखवतात. एकाच उपनिषदात क्षेत्र नकाशावरही आहे आणि देहातही आहे, आणि पुढच्या काळातील बहुतेक वाद या दुहेरी उत्तरातूनच निघाले.

विसंगती सोडवण्याचे काम करणाऱ्यांमध्ये महाराष्ट्रातून गेलेल्या पंडितांचा वाटा मोठा होता. पैठणहून काशीस स्थलांतर केलेल्या रामेश्वर भट्टांचे पुत्र नारायण भट्ट यांनी सोळाव्या शतकात ‘त्रिस्थलीसेतु’ हा प्रयाग, काशी आणि गया या तीन तीर्थांवरील ग्रंथ लिहिला, आणि काशीमरणाने मुक्ती कशी मिळते याची शास्त्रीय चर्चा त्यात केली. विश्वनाथ मंदिराच्या त्या काळातील पुनर्बांधणीशीही त्यांचे नाव जोडले जाते. याच घराण्यातील गागाभट्टांनी १६७४ मध्ये रायगडावर शिवराज्याभिषेकाचे पौरोहित्य केले. नारायण भट्टांच्या आधी, सुरेश्वराचार्यांच्या नावावर असलेल्या ‘काशीमोक्षनिर्णय’ या ग्रंथातही हाच प्रश्न हाताळलेला आहे. या परंपरेने काढलेली वाट थोडक्यात अशी आहे की, मोक्ष ज्ञानानेच मिळतो हा सिद्धान्त काशीतही मोडत नाही; फक्त इतरत्र जे ज्ञान श्रवण, मनन आणि निदिध्यासन, म्हणजे ऐकणे, त्यावर तर्काने विचार करणे आणि त्यात चित्त स्थिर करणे, या दीर्घ क्रमाने मिळते, ते काशीत अंतकाळी शिव स्वतः गुरू होऊन कानात सांगतो. अशा रीतीने स्थान मोक्षाचे थेट कारण राहत नाही, तर जेथे गुरू हमखास भेटतो अशी जागा ठरते, आणि संपूर्ण क्षेत्राला एखाद्या विद्यापीठाचे रूप येते, जेथे प्रवेशाला अट नाही आणि एकमेव धडा अखेरच्या श्वासाबरोबर मिळतो.

या उत्तराने तर्काची अडचण दूर होते, पण न्यायाची उरतेच. जन्मभर दुसऱ्याला नाडणारा मनुष्य केवळ योग्य पत्त्यावर मेला म्हणून सुटत असेल, तर कर्मसिद्धान्ताला अर्थ राहत नाही. परंपरेला ही अडचण दिसत होती, आणि म्हणूनच तिने दोन गोष्टी जोडल्या. पहिली म्हणजे ‘भैरवी यातना’: क्षेत्राचा कोतवाल कालभैरव पापी जिवाला त्याच्या सगळ्या कर्मांचे फळ अत्यल्प काळात पण पूर्ण तीव्रतेने भोगायला लावतो आणि त्यानंतरच मुक्तीची वाट मोकळी होते. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. अन्यत्र केलेले पाप काशीत नष्ट होते, परंतु काशीत केलेले पाप वज्रलेप होते, म्हणजे कशानेही न निघणाऱ्या लेपासारखे चिकटून बसते, असे माहात्म्यग्रंथ बजावतात. मुक्तीचे आश्वासन देणारी परंपराच रहिवाशाचा जबाबही इतरांपेक्षा कडक घेते. यात्रेकरू येऊन जातो, पण जो राहतो त्याच्यावर क्षेत्राचे ऋण रोज चढत जाते.

कबीरांची भूमिका याहून वेगळी होती. काशीत मेल्याने मोक्ष आणि मगहरात मेल्याने अधोगती, ही समजूत खोटी ठरवण्यासाठी ते आयुष्याच्या शेवटी मगहरला गेले, असे परंपरा सांगते. रामाचे नाव अंतरात असेल तर गावाचा प्रश्नच उरत नाही, ही त्यांची भूमिका जाबालोपनिषदातील दुसऱ्या उत्तराशी, म्हणजे देहातील अविमुक्ताशी, जुळणारी आहे. तथापि, ज्याच्या लेखी स्थानाला काहीच अर्थ नाही त्याला स्थान सोडण्याचीही गरज पडत नाही. म्हणून मगहरला जाणे ही कबीरांची स्वतःसाठी केलेली साधना नसून, सभोवतालच्या लोकांना दिलेला धडा होता असे मानणे अधिक सयुक्तिक ठरते.

विद्यापीठाचे संस्थापक पंडित मदनमोहन मालवीय यांच्याविषयीची आख्यायिका या वादाला तिसरी बाजू देते. असीच्या दक्षिणेची भूमी अविमुक्ताच्या बाहेर पडते, आणि विद्यापीठ याच बाजूला आहे. मालवीयांचा अंतकाळ जवळ आला तेव्हा त्यांनी आपल्याला सीमेच्या आत नेऊ नये असे सांगितले, कारण त्यांना मुक्ती नको होती, अपुऱ्या राहिलेल्या कार्यासाठी पुन्हा जन्म हवा होता, असे काशीत सांगितले जाते. १२ नोव्हेंबर १९४६ रोजी त्यांचे निधन झाले. मराठी वाचकाला ही भूमिका अपरिचित वाटणार नाही, कारण तुकाराम आणि इतर वारकरी संतांनीही मोक्षापेक्षा भक्तीसाठी पुन्हा गर्भवास पत्करण्याची इच्छा वारंवार मांडली आहे. मात्र दोन्हींत एक फरक आहे. संतांना पुनर्जन्म हवा होता तो विठ्ठलाच्या नामासाठी आणि संतसंगासाठी, तर मालवीयांच्या आख्यायिकेत तो एका संस्थेसाठी आणि समाजकार्यासाठी मागितला आहे. म्हणजे विद्यादान हेच येथे मोक्षाच्या तोडीचे मूल्य झाले आहे.

सीमेच्या दोन बाजूंमधील नाते मंदिरांच्या इतिहासातही उमटले आहे. मरणाऱ्याच्या कानात तारक सांगताना शिव जात पाहत नाही, असे मानणाऱ्या नगरीतच विश्वनाथाच्या मंदिराचे दार मात्र दीर्घ काळ दलितांना बंद होते, आणि स्वातंत्र्यानंतर प्रवेश खुला झाला तेव्हा स्वामी करपात्रींनी त्याला विरोध करून वेगळे विश्वनाथ मंदिर स्थापन केले. विद्यापीठाच्या आवारातील नवे विश्वनाथ मंदिर, ज्याची पायाभरणी १९३१ मध्ये झाली, ते सर्वांसाठी खुले ठेवले गेले. सीमेबाहेरच्या मंदिराने सीमेआतील सिद्धान्ताचे पालन अधिक प्रामाणिकपणे केले, असे म्हणता येते.

तथापि, विद्यापीठाचे सान्निध्य मोहल्ल्याला केवळ उदार करते असे नाही. ते जागेचे भाडेही वाढवते. विद्यापीठात हिंदीचे प्राध्यापक राहिलेले काशीनाथ सिंह यांनी ‘काशी का अस्सी’ या पुस्तकात याच अनुभवावर बोट ठेवले आहे. त्यातील एका कथेत संस्कृत शिकवणारा कर्मठ ब्राह्मण परदेशी भाडेकरूला खोली देता यावी म्हणून घरातील शंकराची जागा हलवून तेथे शौचालय बांधण्याच्या निर्णयापर्यंत येतो. या प्रसंगाकडे ढोंगाची थट्टा म्हणून पाहणे सोपे आहे, पण त्यातील तत्त्वप्रश्न गंभीर आहे. ज्या माणसाला आपल्या विद्येवर पोट भरता येत नाही, त्याला राहत्या जागेचे पावित्र्य विकूनच त्या जागेत राहता येते. म्हणजे क्षेत्रवास टिकवण्यासाठी क्षेत्रच भाड्याने द्यावे लागते. वज्रलेपाचा इशारा अशा माणसाला किती लागू करायचा, हे ठरवताना त्याच्या दारिद्र्याचाही हिशेब धरावा लागेल.

याच मोहल्ल्यात सीमेच्या दोन्ही बाजूंना एकाच वेळी राहिलेल्या एका व्यक्तीचे उदाहरण या संपूर्ण चर्चेला वेगळे वळण देते. वीरभद्र मिश्र हे तुलसीदासांच्या परंपरेतील संकटमोचन मंदिराचे महंत होते, आणि त्याच वेळी विद्यापीठात जलशास्त्रीय अभियांत्रिकीचे प्राध्यापकही होते. तुलसी घाटावर राहून ते गंगेत नित्य स्नान करत, आणि त्याच पाण्याचे नमुने तपासणारी प्रयोगशाळा त्यांनी घाटावर उभी केली. १९८२ मध्ये त्यांनी संकटमोचन फाउंडेशनची स्थापना केली. आंघोळीच्या पाण्यात १०० मिलिलिटरमागे विष्ठाजन्य कोलिफॉर्म जिवाणूंची संख्या जास्तीत जास्त २५०० असावी, असे भारतीय मानक सांगते, आणि घाटालगतच्या पाण्यात ही मर्यादा कितीतरी पटींनी ओलांडली जाते. १९८० च्या दशकातील गंगा कृती योजनेत सांडपाणी उपसण्यासाठी विजेवर चालणारे पंप बसवले गेले, आणि वीज गेली की मैला पुन्हा नदीत येतो, हा दोष मिश्र सातत्याने दाखवत राहिले. गंगा पवित्र आहे म्हणून ती मलिन होऊच शकत नाही, असे म्हणणारा भाविक आणि नदी मलिन आहे म्हणून तिच्या पावित्र्याची भाषा निरर्थक आहे, असे म्हणणारा तज्ज्ञ, या दोघांनाही त्यांनी नाकारले. त्यांच्या दृष्टीने गंगा माता आहे म्हणूनच तिच्यात मैला सोडणे असह्य होते, आणि ते किती असह्य आहे हे मोजूनच सांगावे लागत होते; २०१३ मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत हे स्नान आणि ही मोजणी एकमेकांना बाधा न आणता चालू राहिली.

येथे मूळ प्रश्नाकडे अधिक स्पष्टपणे पाहता येते. अस्सीत मरणाऱ्याला मुक्ती मिळते की नाही, हे कोणत्याही प्रयोगशाळेत ठरणार नाही, आणि ते ठरवण्याचा आग्रह धरणेही गैर आहे. परंतु परंपरेने स्वतःच या आश्वासनाबरोबर दोन गोष्टी दिल्या होत्या: स्थान मुक्त करत नाही, ज्ञान मुक्त करते, आणि क्षेत्रात राहणाऱ्याचे पाप अधिक चिकट असते. या दोन्ही एकत्र धरल्या की क्षेत्रवास हा विशेषाधिकार राहत नाही, तर अधिक कठोर उत्तरदायित्व ठरतो, आणि ते उत्तरदायित्व कसे निभावायचे हे शिकण्यासाठी सीमेपलीकडच्या कष्टसाध्य विद्येची गरज पडते. जो वृद्ध तारकाची वाट पाहतो आणि जो विद्यार्थी भाड्याच्या खोलीत रात्र जागवतो, ते दोघेही ज्ञानाचेच अर्थी आहेत. एकाचे ज्ञान कृपेने येईल, दुसऱ्याचे श्रमाने. मात्र दोघे एकाच घाटावर उतरतात, आणि पायाखालच्या पाण्याची जबाबदारी दोघांनाही टळत नाही. अंतकाळी कानात काय सांगितले जाईल याची चिंता करण्याआधी, आपण जेथे राहतो ती जागा आपल्यामुळे अधिक जगण्याजोगी झाली की कमी, एवढे तपासणे प्रत्येक क्षेत्रवाशाच्या हाती आहे, आणि काशीखंडाचा वज्रलेपाचा इशाराही त्याला तेवढेच विचारतो.