तुम्ही काम काय करता?

इटलीतल्या मोदेना शहरात इ.स. 1700 मध्ये बेर्नार्दिनो रामाझ्झिनी नावाच्या वैद्याने कामगारांच्या आजारांवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. रोग्याला काय होतंय, कधीपासून होतंय, हे वैद्य पूर्वापार विचारत आले होते. त्यात रामाझ्झिनीने एका प्रश्नाची भर घातली: तुम्ही काम काय करता? गरिबाच्या घरी गेल्यावर वैद्याने तिपाईवर का होईना, पण बसावं आणि सावकाश विचारावं, असंही त्याने लिहून ठेवलं. आज कोपराच्या दुखण्याचा विचार करताना मला या तिपाईचं मोल फार मोठं वाटतं.

तळहात समोर करून हात खाली सोडला, की कोपरापाशी अंगाकडच्या बाजूला हाडाचा एक टणक उंचवटा बोटाला लागतो. मनगट आत वळवणारे, बोटं मिटणारे आणि तळहात पालथा करणारे कितीतरी स्नायू तिथे एकाच कंडरेने धरलेले असतात. त्या जागेवर वर्षानुवर्षं ताण पडत राहिला की कंडरेचे तंतू झिजतात, भरून येण्याआधीच पुन्हा ताणले जातात, आणि मग ‘गोल्फर्स एल्बो’ होतो. कोपराच्या बाहेरच्या बाजूच्या ‘टेनिस एल्बो’पेक्षा हा कमी आढळतो. बहुधा चाळिशीनंतर डोकं वर काढतो. तो होणाऱ्यांपैकी पुष्कळांनी गोल्फची काठी कधी हातातही धरलेली नसते. नाशिक-सांगलीकडच्या द्राक्षबागांत एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी करणारे हात दिवसभर कात्री दाबत असतात. सुतार पेचकस फिरवतो, गवळी धार काढतो. कामं वेगळी असली तरी ताण त्याच उंचवट्यावर येतो.

निदानाला बहुतेक वेळा यंत्र लागत नाही. हात दुखतो म्हणणाऱ्याला एका बोटाने जागा दाखवायला सांगितलं, की बोट त्या उंचवट्यावर किंवा त्याच्या किंचित खाली, मनगटाच्या दिशेला जातं. तिथे दाबलं की माणूस कळवळतो. मग कोपर सरळ ठेवून, तळहात वर करून मनगट वळवायला सांगतात आणि डॉक्टर आपल्या हाताने ते अडवून धरतात. हस्तांदोलनासारखा हात धरून तळहात पालथा करायला लावतात, तेव्हाही जोर अडवतात. कळ नेमकी त्याच जागी उठली, तर निदान जवळजवळ झालंच. एक्स-रे सहसा स्वच्छ येतो. तो स्वच्छ आला म्हणून ‘काही झालेलं नाही’ असं रुग्णाला सांगणं मात्र अन्यायाचं आहे, कारण झीज कंडरेत असते आणि कंडरेची झीज एक्स-रेत दिसत नाही.

त्याच उंचवट्याच्या मागून एक नस जाते. कोपर आपटल्यावर झिणझिण्या येतात त्या तिच्यामुळे. करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाची अर्धी बाजू बधिर होत असेल, तर ती नसही दाबली जात असावी. हे दोन्ही एकत्रही असू शकतं. कधी मूळ मानेत असतं. क्रिकेटच्या सरावात सारखा चेंडू फेकणाऱ्या मुलाचं कोपर आतून दुखलं, तर वाढत्या हाडाला इजा नाही ना, हे आधी पाहावं लागतं. आणि डाव्या हाताची कळ चालताना वाढत असेल, छाती जड होत असेल, घाम फुटत असेल, कोपर दाबून मात्र काहीच दुखत नसेल, तर तडक हृदयाची तपासणी करावी. तिथे कोपराचा विचार करत बसण्याइतका वेळ नसतो.

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती ‘मी काही करत नाही, घरीच असते’ असं उत्तर देणाऱ्या बाईची. केसपेपरवर ‘गृहिणी’ लिहिलं जातं आणि प्रश्न तिथेच मिटतो. तिने सकाळी भरलेल्या बादल्या उचललेल्या असतात, भिजलेल्या चादरी पिळलेल्या असतात, सगळ्या घराची कणीक तिंबलेली असते. पिळताना मनगट वळतं आणि मूठही आवळलेली असते. दुखऱ्या कंडरेला याहून जाचक काम क्वचितच असेल. हे कुणी विचारलंच नाही, तर तिला गोळ्या मिळतात, चार दिवस बरं वाटतं आणि पिळणं तसंच चालू राहतं. खरा उपाय तो ताण कमी करणं आणि स्नायूंना हळूहळू बळ देणारे व्यायाम हाच आहे. त्याला आठवडे, कधी महिनेही लागतात. घरातल्या दुसऱ्या कुणी चादरी पिळल्या, तर तोही उपचाराचाच भाग ठरतो.

म्हणून कोपर दाखवायला जाल तेव्हा डॉक्टरांनी विचारलं नाही, तरी आपलं काम सांगा. दिवसभरात हात काय काय धरतात, पिळतात, उचलतात, ते एकेक करून सांगा. आणि घरकामही काम म्हणूनच सांगा.