पट्टे पुन्हा आवळा



आज गीता, अध्याय ६, श्लोक ३५. मन चंचल आहे, हे अर्जुनाचं म्हणणं भगवंत नाकारत नाहीत. उपाय सांगतात: अभ्यास आणि वैराग्य.

यातला अभ्यास मला अमेरिकेतल्या फ्लॅटबेड ट्रकवाल्यांच्या कामात दिसतो. या ट्रकला ना भिंती, ना छप्पर. लोखंड असो की लाकूड, माल साखळ्या-पट्ट्यांच्या जोरावरच टिकतो. तिथला नियम आहे: पहिल्या ५० मैलांच्या आत थांबून बांधणी तपासायची. पुढे दर १५० मैलांनी किंवा ३ तासांनी, जे आधी होईल तेव्हा. कारण धक्क्यांनी माल सरकतो, पट्टे सैल पडतात. बांधणी चांगली असली तरी!

स्वतःचा ट्रक, स्वतःचा धंदा. थांबलं की वेळ जातो, बघायला साहेब नसतो. पण मागच्या गाडीत कुणाचं तरी कुटुंब असतं.

आपण सकाळी जप करतो आणि दुपारच्या मीटिंगमध्ये मन सैल. मग वाटतं, साधना फुकट गेली. नाही हो! रस्त्यात धक्के बसणारच. थांबायचं, नाम घ्यायचं, पुन्हा आवळायचं. नाहीतर सुटलेला राग संध्याकाळी घरच्यांवरच पडतो.

आज दर ३ तासांनी एकदा थांबून बघू या?