वादळापुरते शेजारी

३ जून २०२० च्या दुपारी अलिबागच्या दक्षिणेला ‘निसर्ग’ चक्रीवादळ किनाऱ्यावर चढले. श्रीवर्धन, मुरूड, दापोलीकडच्या नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या, घरांचे पत्रे आणि कौले उडाली, विजेचे खांब पडले. नाव असे, की ते पुण्या-मुंबईतच कुणीतरी ठेवले असावे असे मराठी माणसाला वाटावे. प्रत्यक्षात ते बांगलादेशाने सुचवलेले. नोव्हेंबर २००९ मध्ये याच किनाऱ्यावर आलेल्या ‘फयान’चे नाव म्यानमारचे होते. मे २०२१ मध्ये मुंबईजवळच्या समुद्रात पी-३०५ बार्ज बुडाली ती ‘तौक्ते’ वादळात. हे नावही म्यानमारचेच.

त्याच वर्षी सप्टेंबरात तर आणखी विलक्षण प्रवास घडला. बंगालच्या उपसागरात तयार झालेल्या ‘गुलाब’ वादळाला पाकिस्तानने दिलेले नाव मिळाले. २६ सप्टेंबरला ते आंध्र-ओडिशाच्या किनाऱ्यावर आले, तिथून क्षीण होत पश्चिमेकडे सरकले आणि त्याच्या अवशेषांनी मराठवाड्याला झोडपून काढले. पुढे ते अरबी समुद्रात उतरून पुन्हा बळावले. आता त्याला कतारचे ‘शाहीन’ हे नाव मिळाले आणि ३ ऑक्टोबरला ते ओमानवर जाऊन आदळले. मराठवाड्यातल्या सोयाबीनवर पडलेला पाऊस आणि ओमानच्या किनाऱ्यावरचा पूर ही एकाच यंत्रणेच्या नोंदवहीतली दोन पाने होती.

ही नोंदवही ठेवणारी संस्था फारशी कुणाच्या बोलण्यात नसते. जागतिक हवामान संघटना आणि संयुक्त राष्ट्रांचा आशिया-पॅसिफिकसाठीचा आर्थिक व सामाजिक आयोग, म्हणजे ‘एस्कॅप’, या दोघांच्या छत्राखाली चालणारे हे उष्णकटिबंधीय चक्रीवादळांचे मंडळ. त्याचे सदस्य तेरा : बांगलादेश, भारत, इराण, मालदीव, म्यानमार, ओमान, पाकिस्तान, कतार, सौदी अरेबिया, श्रीलंका, थायलंड, संयुक्त अरब अमिरात आणि येमेन. यादी पुन्हा एकदा सावकाश वाचण्यासारखी आहे. भारत-पाकिस्तान त्यात आहेत, सौदी-इराण आहेत. जून २०१७ ते जानेवारी २०२१ या काळात सौदी आणि अमिरातीने कतारची नाकेबंदी केली होती, आणि येमेनवर सौदीच्या नेतृत्वाखालील आघाडीचे बॉम्बहल्ले चालू होते. नेमक्या त्याच काळात या सगळ्या देशांच्या हवामान खात्यांनी मिळून वादळांच्या नावांची एक सामाईक यादी तयार केली.

हे जमले कसे, हा प्रश्न हवामानशास्त्रापेक्षा संस्था चालवण्याच्या कलेचा आहे.

मंडळाचा जन्म एका भयंकर अपयशातून झाला. १२ नोव्हेंबर १९७० च्या रात्री भोला चक्रीवादळ तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानावर आदळले. समुद्राच्या लाटेने गंगेच्या मुखाजवळची बेटे धुऊन नेली. मृतांचा आकडा तीन ते पाच लाखांच्या दरम्यान धरला जातो. याच वादळात ‘महाजगमित्र’ हे कोलकात्याहून कुवेतकडे निघालेले भारतीय मालवाहू जहाज पन्नास माणसांसह बुडाले. उपसागरातल्या जहाजांचे निरोप भारतीय वेधशाळांकडे येत होते, पण दोन देशांतल्या वैरामुळे ते ढाक्यापर्यंत नीट पोहोचले नाहीत, असे पुढे अनेकांनी लिहिले. त्या वर्षअखेरीस संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने जागतिक हवामान संघटनेला या बाबतीत काम हाती घ्यायला सांगितले आणि १९७२ मध्ये मंडळ स्थापन झाले. मधल्या काळात युद्ध होऊन गेले होते आणि बांगलादेश जन्माला आला होता. पाकिस्तानने त्याला मान्यता दिली ती फेब्रुवारी १९७४ मध्ये. म्हणजे वादळांचे मंडळ आधी झाले आणि त्यातल्या या दोन देशांची राजनैतिक ओळख नंतर.

अशा स्थितीत संस्था टिकवायची तर तिच्याकडून काय अपेक्षा ठेवायची, यापेक्षा काय ठेवायची नाही हे आधी ठरवावे लागते. मंडळाने ते ठरवले. दिल्लीतल्या भारतीय हवामान विभागाच्या केंद्राला १९८८ मध्ये या प्रदेशाचे विशेष केंद्र म्हणून मान्यता मिळाली. उत्तर हिंदी महासागरात कमी दाबाचे क्षेत्र बळावू लागले की हे केंद्र त्याची जागा, वेग, वाऱ्याचा जोर आणि पुढचा मार्ग सांगणारे निवेदन सगळ्या सदस्यांना धाडते. हे निवेदन म्हणजे सल्ला. धोक्याचा इशारा देण्याचा अधिकार मात्र प्रत्येक देशाच्या आपल्या हवामान खात्याचा. कराचीच्या बंदरावर कितव्या नंबरचा बावटा चढवायचा हे दिल्ली ठरवत नाही, कराचीचे लोक ठरवतात. चित्तगावचेही तसेच. सल्ला आणि इशारा यांच्यातली ही भिंत नसती तर पाकिस्तानातल्या कुठल्याही सरकारला दिल्लीचे कागद स्वीकारणे अवघड गेले असते.

दुसरी खुबी कामांच्या वाटणीत आहे. शास्त्रीय केंद्र दिल्लीत, तर मंडळाच्या सचिवालयाची जबाबदारी बराच काळ पाकिस्तानच्या हवामान खात्याने इस्लामाबादेतून सांभाळली. बैठका आलटून पालटून वेगवेगळ्या देशांत होतात. या बैठकांचे स्वरूप एखाद्या गृहनिर्माण सोसायटीच्या वार्षिक सभेसारखे असते : मागच्या सभेचे इतिवृत्त, वर्गणी, कोणते यंत्र बंद पडले, कुणाला प्रशिक्षणाला पाठवायचे. त्यातून दर वेळी एक जाडजूड कृती-आराखडा सुधारून निघतो. निरीक्षणे कुठल्या वेळी पाठवायची, कोणत्या रडारची माहिती कोणत्या सांकेतिक स्वरूपात द्यायची, किती नॉट वारा झाला की त्याला काय म्हणायचे, हे सगळे त्यात लिहिलेले असते. ३४ नॉटचा, म्हणजे ताशी सुमारे ६३ किलोमीटरचा वारा झाला की त्या क्षेत्राला ‘चक्रीवादळ’ म्हणतात आणि तेव्हाच त्याला नाव मिळते. वाऱ्याचा वेग इथे तीन मिनिटांच्या सरासरीने मोजतात. अमेरिकी यंत्रणा एका मिनिटाची सरासरी घेते. त्यामुळे एकाच वादळाचे दोन आकडे वर्तमानपत्रांत दिसतात आणि वाचक गोंधळतो. मंडळाच्या तेरा देशांत निदान हा गोंधळ राहू नये, यासाठी तो कंटाळवाणा आराखडा लागतो.

नावांच्या यादीकडे लोक गंमत म्हणून पाहतात. संस्थेच्या दृष्टीने ती सर्वांत हुशार गोष्ट आहे.

या भागातल्या वादळांना आधी नावे नव्हती. ऑक्टोबर १९९९ मध्ये ओडिशात सुमारे दहा हजार माणसे मारणारे महाचक्रीवादळही निनावीच होते. २००० मध्ये मस्कतच्या बैठकीत नावे देण्याला तत्त्वतः संमती मिळाली, पण प्रत्यक्ष सुरुवात व्हायला २००४ उजाडले. तेव्हा सदस्य आठ होते. प्रत्येकाने आठ नावे दिली आणि ६४ नावांची यादी झाली. पहिले नाव बांगलादेशाचे, ‘ओनिल’. सोळा वर्षांनी, मे २०२० मध्ये, थायलंडच्या ‘अम्फान’ने ती यादी संपवली. तोवर सदस्य तेरा झाले होते. भारतीय हवामान विभागाचे डॉ. मृत्युंजय महापात्र यांच्याकडे नव्या यादीचे काम सोपवण्यात आले. प्रत्येक देशाची तेरा नावे, एकूण १६९. ‘निसर्ग’ हे या यादीतले पहिले.

मालदीवची लोकसंख्या आपल्या एखाद्या मध्यम शहराएवढी, भारताची १४० कोटींच्या घरात, पण नावे दोघांचीही तेरा. क्रम देशांच्या इंग्रजी आद्याक्षरांनुसार, म्हणजे कुणाला आधी मान द्यायचा हा वादच नाही. नाव आठ अक्षरांपेक्षा लांब नको, कुणाचा धर्म, राजकारण, संस्कृती किंवा लिंगभाव दुखावणारे नको, उच्चारायला सोपे हवे. उच्चाराचे ध्वनिमुद्रणही सोबत द्यायचे. एकदा वापरलेले नाव पुन्हा नाही. भारताने आपल्या तेरांत ‘गती’, ‘तेज’, ‘व्योम’, ‘प्रभंजन’, ‘जलधी’ यांच्याबरोबर तमिळ ‘मुरासू’ आणि बंगाली वळणाचे ‘प्रोबाहो’ घातले. देशांतर्गत वाटणीचा प्रश्नही असा सोडवला. ‘गती’ नोव्हेंबर २०२० मध्ये आले आणि जाऊन आदळले सोमालियावर, जो मंडळाचा सदस्यही नाही.

इतके नियम असूनही एकदा फसगत झालीच. मे २०१३ मध्ये बांगलादेशाकडे निघालेल्या वादळाला श्रीलंकेने दिलेले ‘महासेन’ हे नाव मिळाले. तिसऱ्या शतकातला राजा महासेन हा श्रीलंकेत मिन्नेरिया तलाव बांधणारा, शेतीला पाणी देणारा राजा म्हणून पूजनीय. त्याचे नाव विनाशाला दिले म्हणून त्याच देशात गदारोळ उठला आणि नाव बदलून ‘वियारू’ करावे लागले. ज्यांनी नाव सुचवले आणि ज्यांनी आक्षेप घेतला ते एकाच देशाचे होते. बाकीच्यांनी निमूटपणे नवे नाव स्वीकारले.

मंडळाच्या मर्यादा मात्र हसण्यावारी नेण्यासारख्या नाहीत. २ मे २००८ रोजी ‘नर्गिस’ म्यानमारच्या इरावती मुखाच्या प्रदेशात शिरले. मृत आणि बेपत्ता मिळून संख्या १ लाख ३८ हजारांच्या वर गेली. किनाऱ्यावर येण्याच्या ४८ तास आधी आपण म्यानमारला सूचना दिली होती, असे भारतीय हवामान विभागाने नंतर सांगितले. सल्ला पोहोचला होता. तो खेड्यातल्या झोपडीपर्यंत नेण्याची व्यवस्था तिथल्या लष्करी राजवटीकडे नव्हती, आणि मंडळाला त्या बाबतीत एक शब्दही काढण्याचा अधिकार नव्हता. सल्ला आणि इशाऱ्यातली जी भिंत संस्थेला टिकवून ठेवते, तिची किंमत त्या दिवशी इरावतीकाठच्या लोकांनी मोजली.

बांगलादेशाचा अनुभव याच्या उलट आहे. १९९१ च्या चक्रीवादळात तिथे सुमारे १ लाख ३८ हजार लोक गेले. नोव्हेंबर २००७ च्या ‘सिद्र’मध्ये हा आकडा साडेतीन हजारांच्या आत राहिला. २०२० च्या ‘अम्फान’मध्ये तो काही डझनांवर आला. याचे श्रेय सगळे मंडळाचे नव्हे. रेड क्रिसेंटचे स्वयंसेवक, खांबांवर उभारलेली निवारा केंद्रे, मेगाफोन घेऊन सायकलवर फिरणारी पोरे यांनी शेवटचा टप्पा गाठला. ओडिशातही १९९९ नंतर हेच झाले. ऑक्टोबर २०१३ च्या ‘फायलिन’आधी दहा लाखांच्या आसपास माणसे हलवण्यात आली. म्हणजे आंतरराष्ट्रीय सल्ला ज्या देशाच्या घरात ऐकणारे कान तयार असतात तिथेच उपयोगी पडतो.

जून २०२३ मधले ‘बिपरजॉय’ ही या व्यवस्थेची आणखी एक परीक्षा होती. वादळ कच्छ आणि सिंध यांच्यामध्ये रेंगाळले. गुजरातने सुमारे एक लाख आणि सिंधने ऐंशी हजारांच्या आसपास लोक हलवले. शेवटी ते कच्छमधल्या जखाऊ बंदराजवळ किनाऱ्यावर आले. भारत आणि पाकिस्तानचे एकमेकांकडे राजदूत नव्हते, व्यापार बंद होता. दिल्लीची निवेदने मात्र ठरल्या वेळी जात राहिली.

या उलट जे जास्त महत्त्वाकांक्षी होते ते मोडले. सार्कने १९९५ मध्ये ढाक्यात हवामान संशोधन केंद्र उघडले होते. ते पुढे इतर केंद्रांबरोबर विलीन झाले, आणि सार्कची शिखर परिषद तर २०१४ च्या काठमांडूनंतर झालेलीच नाही. पूर्वेकडे मात्र १९६८ पासून अशीच एक टायफून समिती चालू आहे. तिच्या चौदा सदस्यांत उत्तर आणि दक्षिण कोरिया दोन्ही आहेत, चीनबरोबर हाँगकाँग आणि मकाव स्वतंत्रपणे बसतात, आणि थायलंड दोन्ही मंडळांत आहे. तिचेही काम असेच अरुंद आहे : वारा, पाऊस, पूर, आणि प्रत्येकाची दहा नावे.

हवामानाच्या आकड्यांना एक मोठा आधार आहे. १९९५ मध्ये जागतिक हवामान संघटनेच्या महासभेने चाळिसावा ठराव करून मूलभूत हवामान-माहिती विनामूल्य आणि अटींशिवाय द्यायची असे ठरवले. नद्यांना असे भाग्य नाही. गंगा, ब्रह्मपुत्रा, सिंधू यांच्या खोऱ्यांतल्या प्रवाहांचे आकडे भारतात गोपनीय मानले जातात. ब्रह्मपुत्रेच्या पुराची माहिती देण्याबाबत चीनशी २००२ मध्ये करार झाला, पण डोकलामवरून दोन्ही देशांत तणाव होता त्या २०१७ च्या पावसाळ्यात ती माहिती मिळाली नाही, असे भारताच्या परराष्ट्र मंत्रालयाने सांगितले. ढग सरहद्द ओलांडतो तेव्हा त्याचा आकडा सगळ्यांचा असतो. तेच पाणी जमिनीवर पडून नदीत वाहू लागले की ते सरकारी गुपित होते.

इकडे समुद्र बदलतो आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतल्या मेधा देशपांडे, रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये दाखवून दिले की आधीच्या दोन दशकांच्या तुलनेत २००१ ते २०१९ या काळात अरबी समुद्रातल्या चक्रीवादळांची संख्या ५२ टक्क्यांनी वाढली, तर बंगालच्या उपसागरात ती ८ टक्क्यांनी घटली. अरबी समुद्रातली वादळे जास्त दिवस टिकू लागली आहेत आणि झपाट्याने तीव्र होऊ लागली आहेत. पूर्वी मंडळाचे लक्ष मुख्यतः उपसागराकडे असे. २००७ मध्ये ‘गोनू’ वादळाने ओमानला उद्ध्वस्त केले, आणि २०१८ पर्यंत इराण आणि आणखी काही आखाती देश मंडळात आले. मुंबई, रत्नागिरी, पणजी, मस्कत आणि कराची यांचे हित आता एकाच समुद्रात गुंतले आहे.

हे मंडळ गेली पन्नास वर्षे टिकले, कारण त्याने मैत्रीची अट घातली नाही. मोजमाप एकसारखे ठेवायचे, ठरल्या वेळी द्यायचे आणि निर्णय ज्याचा त्याच्यावर सोडायचा, एवढेच त्याने मागितले. नद्यांच्या पाण्यासाठी, निदान पुराच्या महिन्यांपुरते, नेमके एवढेच मागता येईल. पाणीवाटपाच्या तंट्याला हात न लावता पातळी आणि प्रवाहाचे आकडे दररोज एकमेकांना देण्याची व्यवस्था भारत, चीन, नेपाळ, भूतान, बांगलादेश आणि पाकिस्तान यांनी उभी करावी. त्यासाठी भारताने पहिले पाऊल म्हणून आपल्याकडची पूरकाळातली माहिती खुली करावी. वादळांच्या बाबतीत दिल्लीने हे करून दाखवले आहे. नद्यांच्या बाबतीत न करण्याला आता सबब उरलेली नाही.