फादर, ही मार्थाच ना?



मार्था आणि मरिया यांचा उतारा (लूक १०:३८-४२) आपणां सर्वांच्या ओळखीचा आहे. मरियेने उत्तम ते निवडले, मार्था कामात गुरफटली, असे प्रवचन मीही अनेक वर्षे केले. एकदा भगिनींच्या बायबल गटात एका माउलीने योहान ११:२७ वर बोट ठेवले. "फादर, येशू हाच ख्रिस्त, देवाचा पुत्र, अशी कबुली देणारी ही मार्थाच ना?"

मी निरुत्तर झालो. तिने तो अध्याय घरी एकटीने, पेन्सिल हाती घेऊन वाचला होता. मी मात्र तो माहीतच आहे, असे धरून चाललो होतो.

चौथ्या शतकात रोममध्ये संत मार्सेलाच्या घरी स्त्रिया शास्त्राभ्यासासाठी जमत. संत जेरोमसारख्या पंडिताचे उत्तरही ती पारखून घेई. इ. स. ३८५ मध्ये त्यांनी रोम सोडल्यावर धर्मगुरूसुद्धा शास्त्रातील शंका घेऊन तिच्याकडे येत.

प्रश्न विचारणे म्हणजे अविश्वास नव्हे. पवित्र मरियेनेही देवदूताला प्रश्न विचारला होता (लूक १:३४).

म्हणून आधी एकांतात प्रार्थना करून सावकाश वाचा. कोण बोलतो, कोणाशी बोलतो, मागेपुढे काय घडते, ते पाहा. न कळलेल्या ओळीवर खूण करा आणि ती गटात मांडा. "आम्हांला काय कळते?" असे म्हणून गप्प बसू नका.

या आठवड्यात योहानाचा अकरावा अध्याय वाचा. तुमच्या प्रश्नांची मी वाट पाहतो. माझेही वाचन त्यामुळे सुधारेल.

प्रभूचा आशीर्वाद तुम्हांवर असो.

तुमचा धर्मगुरू